अश्वशक्ती : घोड्याच्या नावाने चालणारे माप



'हॉर्सपॉवर' हा इंग्रजी शब्द तुम्ही शाळेपासून ऐकत आला आहात. पंपाच्या मोटरवरील पाटीवर, ट्रॅक्टरच्या जाहिरातीत, मोटारसायकलच्या माहितीपत्रकात तो असतो. मराठीत आपण त्याला अश्वशक्ती म्हणतो, हिंदीतही अश्वशक्तीच म्हणतात, तामिळमध्ये 'कुदिरैत्तिरन' म्हणतात. शब्द इतका ओळखीचा आहे की त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. 'एक घोडा जेवढे काम करतो तेवढे' असे उत्तर बहुतेक जण देतात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्यापुढे '७४६ वॅट' एवढे जोडतात आणि विषय संपतो.

या टिपणात आपण या जोडशब्दाची वंशावळ पाहणार आहोत आणि तिच्या आधारे त्याची थोडी चिकित्सा करणार आहोत. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. हॉर्सपॉवर हे माप पैशाच्या व्यवहारातून, आकारणीसाठी तयार झाले. घोडा त्यात ग्राहकाला समजावे म्हणून आला. आज सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतरही हे माप जिथे घट्ट टिकून आहे, तिथे ते बहुधा आकारणीचेच काम करते. आपल्याकडचे कृषिपंपाचे वीजबिल हे त्याचे जवळचे उदाहरण आहे. ही बाजू लक्षात घेतली नाही, तर शब्दाचा अर्थ अर्धाच कळतो.

दोन घराण्यांची सोयरीक

आधी शब्दाचे दोन भाग सुटे करू. 'हॉर्स' हा जर्मानिक घराण्यातला शब्द आहे. जुन्या इंग्रजीत तो 'होर्स' असाच होता. जर्मनमधील 'रॉस' हा त्याचा भाऊबंद. पण जुन्या इंग्रजीत घोड्यासाठी आणखी एक शब्द होता, 'एओह'. हा शब्द लॅटिन 'एक्वुस', ग्रीक 'हिप्पोस' आणि आपला संस्कृत 'अश्व' यांच्या कुळातला. इंग्रजीने तो पुढे टाकून दिला. म्हणजे 'अश्व' या शब्दाचा इंग्रजीतला सख्खा नातेवाईक केव्हाच वारला. 'हॉर्स' आणि 'अश्व' यांचा अर्थ एक असला, तरी रक्ताचे नाते नाही.

'पॉवर' मात्र लॅटिनकडून, फ्रेंचमार्गे इंग्लंडमध्ये आला. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायालय यांची भाषा फ्रेंच झाली. त्या वाटेने जे असंख्य शब्द इंग्रजीत शिरले, त्यांपैकी हा एक. त्याच्या मुळाशी 'समर्थ असणे, शकणे' या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. ज्या प्राचीन धातूपासून ते निघाले, त्याच धातूपासून संस्कृत 'पति' म्हणजे स्वामी हा शब्दही आला. आपले अधिपती, सेनापती, दंपती हे शब्द 'पॉवर'चे दूरचे चुलत भाऊ आहेत.

आता मराठी शब्दाकडे पाहा. 'शक्ती' हा शब्द संस्कृत 'शक्' या धातूपासून आला, आणि त्या धातूचा अर्थही 'शकणे, समर्थ असणे' हाच. 'मी येऊ शकतो' या वाक्यातला 'शकतो' तोच. 'पॉवर' आणि 'शक्ती' यांचे मूळ वेगळे, पण दोन्ही 'शकणे' या एकाच कल्पनेतून वाढले. तामिळ 'तिरन' या शब्दातही कौशल्य, क्षमता हा अर्थ आहे. भाषांतर म्हणून पाहिले, तर भारतीय भाषांतील हे शब्द चोख आहेत.

एक सावधगिरी मात्र ठेवायला हवी. 'अश्व' जुना, 'शक्ती' जुनी, म्हणून 'अश्वशक्ती' हे मापही जुने असेल असा समज होतो. वर्गात अनेकदा विद्यार्थी ते प्राचीन भारतीय परिमाण समजतात. तसे नाही. दोन्ही शब्द जुने आहेत, त्यांची या अर्थाची जोडणी नवी आहे. इंग्रजी जोडशब्दाचा एकेक भाग घेऊन त्या जागी आपला शब्द ठेवला आणि हा शब्द तयार झाला.

वॅटच्या आधीचा घोडा

हॉर्सपॉवरचा जनक म्हणून जेम्स वॅट याचे नाव घेतले जाते. पण यंत्राची तुलना घोड्यांशी करण्याची कल्पना त्याच्या आधीची आहे. इंग्लंडमधील खाणींत पाणी साचत असे आणि ते उपसण्यासाठी घोडे रहाटाला जुंपत. टॉमस सेव्हरी याने वाफेच्या जोरावर पाणी उपसणारे यंत्र बनवले, १६९८ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि १७०२ मध्ये 'द माइनर्स फ्रेंड' हे पुस्तक काढले. त्यात त्याने खाणमालकांना समजेल असा हिशेब मांडला. समजा एका वेळी दोन घोडे जुंपले की जेवढे पाणी वर येते, तेवढे एक यंत्र काढते. पण घोडे थकतात, त्यांना पाळीपाळीने बदलावे लागते. त्यामुळे दोन घोड्यांचे काम अखंड चालू ठेवायला तबेल्यात दहा-बारा घोडे पाळावे लागतात. म्हणून ते यंत्र दहा-बारा घोड्यांच्या बरोबरीचे धरावे, असे त्याचे म्हणणे.

हा हिशेब नीट समजून घ्या, कारण पुढे त्याची गरज लागणार आहे. सेव्हरी मालकाच्या खर्चाच्या बाजूने मोजतो. घोड्याला दाणा-वैरण लागते, मोतद्दार लागतो, तबेला लागतो, विश्रांती लागते. यंत्र आले तर हे सगळे वाचते. त्याचा घोडा तबेल्यातला आहे. जुंपलेल्या घोड्याने त्या क्षणी किती काम केले, हा त्याचा प्रश्नच नाही.

करार आणि आकडा

वॅट आणि मॅथ्यू बोल्टन यांची भागीदारी १७७५ मध्ये सुरू झाली. त्यांचे सुरुवातीचे मोठे ग्राहक म्हणजे कॉर्नवॉलमधील खाणी. तिथे आधीपासून न्यूकोमेन पद्धतीची वाफेची इंजिने होती आणि ती भरमसाट कोळसा खात. वॅटचे इंजिन कमी कोळशात तेच काम करी. त्यामुळे आकारणीची पद्धत सरळ होती. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग बोल्टन आणि वॅट यांना द्यायचा.

पुढे वॅटने इंजिनाच्या दांड्याची वरखाली हालचाल चाकाच्या फिरण्यात बदलण्याची युक्ती काढली. त्यामुळे हे इंजिन गिरण्यांत, मद्य गाळण्याच्या कारखान्यांत, कापसाच्या कारखान्यांत चालू शकणार होते. पण इथे अडचण आली. या कारखान्यांत आधी वाफेचे इंजिन नव्हतेच, घोडे होते. घोडे कोळसा खात नाहीत. मग 'वाचलेला कोळसा' मोजायचा कशाशी? आकारणीला नवा पाया हवा होता, आणि तो घोड्यात सापडला.

वॅटच्या १७८२ च्या टिपणांत हा हिशेब आहे. गिरणीला जुंपलेला घोडा २४ फूट व्यासाच्या वर्तुळात मिनिटाला अडीच फेरे मारतो. तो १८० पौंडांच्या जोराने ओढतो असे धरू. तुम्हीच गुणाकार करून पाहा. २४ फूट व्यासाचा परीघ सुमारे ७५.४ फूट. अडीच फेऱ्यांत घोडा सुमारे १८८.५ फूट चालला. त्याला १८० ने गुणले की मिनिटाला सुमारे ३३,९०० फूट-पौंड येतात. काही पुस्तकांत तासाला १४४ फेरे धरून ३२,५७२ हा आकडा दिलेला असतो. दोन्हींच्या जवळचा सोयीचा आकडा म्हणून ३३,००० ठरला, १७८३ मध्ये वॅटने तो स्वीकारला आणि तो आजवर टिकला. सेकंदाला ५५० फूट-पौंड म्हणजे हाच आकडा ६० ने भागून. आजच्या मापात तो ७४५.७ वॅट होतो.

यानंतर इंजिनाचे वार्षिक शुल्क अश्वशक्तीवर लागू झाले. लंडनबाहेर दर अश्वशक्तीला वर्षाला ५ पौंड आणि लंडनमध्ये ६ पौंड. वॅटच्या पेटंटची मुदत १८०० मध्ये संपेपर्यंत हा व्यवहार चालला. म्हणजे ३३,००० हा आकडा दरपत्रकातला आकडा आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत तो नंतर गेला.

प्रचलित कथेची तपासणी

अनेक पुस्तकांत आणि व्याख्यानांत एक चटकदार गोष्ट सांगतात. वॅटने खाणीतील तट्टांचे काम मोजले, ते मिनिटाला २२,००० फूट-पौंड आले, आणि ग्राहकाची तक्रार येऊ नये म्हणून त्याने ते दीडपट करून ३३,००० केले. दुसरी गोष्ट याच्या उलट. वॅट हा मोठा हुशार विक्रेता होता, त्याने आकडा फुगवून आपले इंजिन मोठे दाखवले.

पहिल्या गोष्टीतली तट्टे वॅटच्या टिपणांशी जुळत नाहीत. तिथे गिरणीचा घोडा आहे. दुसरी गोष्ट तर साध्या अंकगणितावरही टिकत नाही. समजा एक इंजिन मिनिटाला ३,३०,००० फूट-पौंड काम करते. अश्वशक्ती ३३,००० ची धरली तर ते १० अश्वशक्तीचे. अश्वशक्ती २२,००० ची धरली असती तर तेच इंजिन १५ अश्वशक्तीचे झाले असते आणि लंडनबाहेर वर्षाला ५० ऐवजी ७५ पौंड मिळाले असते. मापाचे एकक मोठे केले की मोजून येणारी संख्या लहान होते. शुल्क त्या संख्येवर असेल, तर नुकसान विकणाऱ्याचे होते. आकडा फुगवून वॅटचा त्यात फायदा झाला असे म्हणता येत नाही.

मग एवढा मोठा आकडा का? त्या काळात इतर अभियंत्यांनीही घोड्याचे काम मोजले होते आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. डेसाग्युलिए याने ४४,००० मांडला होता, तर जॉन स्मीटन याने सुमारे २३,०००. घोडा लहान की मोठा, किती वेळ जुंपला, चढावर की सपाटीवर, यावर सगळे अवलंबून. घोडा दिवसभराच्या कामात साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या भागाएवढ्या जोराने ओढू शकतो, असा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने १८० पौंड सतत ओढायला १,८०० पौंडांचा, म्हणजे आठशे किलोहून अधिक वजनाचा धिप्पाड घोडा लागेल. सामान्य घोड्याला हे दिवसभर जमणार नाही. याचा अर्थ असा की वॅटचे दहा अश्वशक्तीचे इंजिन दहा घोड्यांच्या जागी बसवले, तर मालकाला ते कमी पडण्याचा प्रश्नच येत नव्हता. दर अश्वशक्तीमागे विकणारा थोडे सोडतो आणि त्या बदल्यात वाद टाळतो. सौद्यात ठरलेल्या मापाचे हे लक्षण आहे. मापाचा पाया म्हणून सगळ्यांना पटेल असा आकडा हवा होता, आणि तो मिळाला.

खरा घोडा किती काम करू शकतो, याचा अभ्यास पुढेही झाला. १९९३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात स्टीव्हन्सन आणि वॅसरसग यांचे टिपण आले. अमेरिकेतील आयोवा राज्याच्या जत्रेत झालेल्या ओढण्याच्या स्पर्धांच्या नोंदींवरून त्यांनी दाखवले की घोडा काही सेकंदांपुरती १४.९ अश्वशक्ती गाठू शकतो. मग घोड्याची 'अश्वशक्ती' किती? काही सेकंदांसाठी पंधराच्या जवळ, काही तासांसाठी एकाच्या आसपास किंवा कमी, आणि सेव्हरीच्या तबेल्याच्या हिशेबाने त्याहूनही कितीतरी कमी. घोडा तोच आहे. बदलतो तो वेळेचा हिशेब.

शब्दात न मावलेला वेळ

इथे आपण या शब्दाच्या मुख्य दोषाशी येतो. शास्त्रात 'पॉवर' म्हणजे काम करण्याचा दर. दर म्हटला की वेळ आलाच. पण 'हॉर्सपॉवर' या शब्दात घोडा आहे, सामर्थ्य आहे, आणि वेळ कुठेच नाही. व्याकरणाच्या भाषेत 'अश्वशक्ती' हा षष्ठी तत्पुरुष समास, 'अश्वाची शक्ती'. विग्रह केला की वाटते हा घोड्याचा गुण आहे, जसा रंग किंवा उंची. 'मिनिटाला' हा मधला शब्द समासात हरवला.

भारतीय भाषांत हा गोंधळ आणखी एका वाटेने वाढतो, आणि देशभरातील विद्यार्थ्यांनी तो जाणून घेणे उपयोगाचे आहे. मराठी आणि हिंदी शालेय पुस्तकांत 'फोर्स'ला बल, 'एनर्जी'ला ऊर्जा आणि 'पॉवर'ला शक्ती म्हणतात. बंगालीत मात्र 'शक्ति' म्हणजे एनर्जी, आणि पॉवरला 'क्षमता' म्हणतात. कन्नड आणि तेलुगूतही 'शक्ति' एनर्जीसाठी वापरतात, पॉवरसाठी 'सामर्थ्य' आहे. तामिळमध्ये एनर्जी म्हणजे 'आट्रल' आणि पॉवर म्हणजे 'तिरन'. त्यामुळे 'अश्वशक्ती' हा शब्द मराठी विद्यार्थ्याला शास्त्रीय दृष्ट्या बरोबर वाटेल, पण बंगाली पाठ्यपुस्तकाच्या परिभाषेने काटेकोर वाचला तर त्याचा अर्थ 'घोड्याची ऊर्जा' होईल. म्हणून बंगालीत 'अश्वक्षमता' असेही लिहितात. एकच संस्कृत शब्द, एकाच देशात, शेजारच्या दोन भाषांत दोन वेगळ्या राशी दाखवतो. वेगवेगळ्या राज्यांतून आलेले विद्यार्थी एका वर्गात बसले की हा फरक शिक्षकाने पहिल्याच तासाला सांगायला हवा.

मराठीतही सुसंगती नाही. 'हॉर्सपॉवर'ला आपण अश्वशक्ती म्हणतो आणि 'मॅनपॉवर'ला मनुष्यबळ. पॉवर एकच, पण घोड्याजवळ गेली की शक्ती झाली आणि माणसाजवळ आली की बळ झाली. शिवाय 'मनुष्यबळ' हे आता कामाच्या दराचे माप राहिलेले नाही, त्याचा अर्थ माणसांची संख्या असा झाला आहे. हॉर्सपॉवरने याच्या नेमकी उलट वाट धरली. तिथे घोड्यांची संख्या मागे पडली आणि माप उरले.

'कँडलपॉवर' हा याच ठेवणीचा आणखी एक जोडशब्द. दिव्याचा प्रकाश मेणबत्तीच्या तुलनेत मोजायचा. लंडनमध्ये गॅस कंपन्या पुरवत असलेला प्रकाश तपासण्यासाठी १८६० च्या कायद्यात प्रमाण मेणबत्ती कशी असावी, ते ठरवून दिले. इथेही कारण ग्राहकाने मोजलेले पैसे हेच होते. नवी वस्तू विकायची, जुन्या वस्तूशी तुलना करायची, आणि जुन्या वस्तूचे नाव नव्या मापाला द्यायचे, अशी ही पद्धत आहे.

एका नावाचे अनेक घोडे

माप आकारणीसाठी असले की ते प्रत्येक व्यवहारात थोडे वेगळे रूप घेते. अश्वशक्तीचे तसेच झाले. वॅटनंतर वाफेचा दाब वाढला, पिस्टनचा वेग वाढला, पण 'नॉमिनल हॉर्सपॉवर' ठरवण्याचे सूत्र जुन्या, कमी दाबाच्या गृहीतावरच चालू राहिले. त्यामुळे जहाजांची इंजिने कागदावरच्या अश्वशक्तीच्या कितीतरी पट काम करू लागली. मग सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष दाब मोजून 'इंडिकेटेड' आणि दांड्यावर ब्रेक लावून 'ब्रेक' अशा वेगळ्या अश्वशक्ती आल्या. तुम्ही इंजिनाच्या प्रयोगशाळेत ही नावे आजही वापरता. बॉयलरची अश्वशक्ती तर आणखी वेगळी. ती वाफ तयार करण्याच्या दरावर असते आणि जवळपास ९.८ किलोवॅट होते, म्हणजे वॅटच्या अश्वशक्तीच्या तेरापट.

फ्रेंचांनी शब्द केला 'शव्हाल-व्हापर', वाफेचा घोडा. जर्मनांनी 'फेर्डेश्टेर्क', घोड्याचा जोर. मेट्रिक पद्धतीत सोयीचा आकडा हवा म्हणून हा घोडा सेकंदाला ७५ किलोग्रॅम-मीटरचा धरला. तो ७३५.५ वॅट होतो. म्हणजे युरोपातला घोडा इंग्लंडमधल्या घोड्यापेक्षा सुमारे दीड टक्क्याने अशक्त. परदेशी मोटारींच्या माहितीपत्रकातील आकडे वाचताना हे ध्यानात ठेवा.

सर्वांत बोधप्रद उदाहरण मोटारींवरील कराचे आहे. ब्रिटनमध्ये रॉयल ऑटोमोबाइल क्लबने १९१० मध्ये एक सूत्र दिले. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरांच्या संख्येने गुणा आणि २.५ ने भागा. या सूत्रात पिस्टन किती लांब सरकतो याला जागाच नव्हती. १९२१ पासून मोटारींवर दर अश्वशक्तीला एक पौंड असा कर बसला. परिणाम काय झाला असेल? इंजिन बनवणाऱ्यांनी सिलिंडर अरुंद ठेवले आणि पिस्टनची धाव लांब केली, कारण तसे केल्याने कर न वाढता ताकद वाढत होती. यंत्र मोजण्यासाठी केलेले सूत्र शेवटी यंत्राचाच आकार ठरवू लागले. फ्रान्समध्येही करासाठी वेगळा घोडा होता. १९४८ मध्ये लोकांसमोर आलेल्या सित्रोएन कंपनीच्या प्रसिद्ध मोटारीचे नाव 'द्यू शव्हो', म्हणजे दोन घोडे. ते दोन घोडे कराचे होते. तिच्या इंजिनाची खरी ताकद नऊ अश्वशक्तीच्या आसपास होती.

विहिरीवरचा घोडा

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात विहिरीचे पाणी मोटेने काढत आणि मोटेला बैल जुंपत. घोडा तिथे कधी नव्हताच. तरी बैल जाऊन पंप आला, तेव्हा पंपाबरोबर इंग्लंडच्या गिरणीतला घोडा आला. शेतकरी 'पाचची मोटर', 'साडेसातची मोटर' असे म्हणतात. घोड्याचे नाव न घेताही माप त्याचेच.

ज्या कृषिपंपांना मीटर नाही, त्यांचे वीजबिल महाराष्ट्रात दर अश्वशक्तीला ठरावीक रक्कम या पद्धतीने आकारले जाते. वॅटची पद्धत आठवा, दर अश्वशक्तीला वर्षाला इतके पौंड. पद्धत तीच आहे. सवलतीची रेषाही अश्वशक्तीवरच ओढलेली असते. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे कृषिपंप येतात. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे. केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेत सौरपंपांसाठी मिळणारे साहाय्यही साडेसात अश्वशक्तीच्या क्षमतेपर्यंत मोजतात.

यात चूक काय आणि बरोबर काय, ते नीट पाहू. पाच अश्वशक्तीची मोटर म्हणजे तिच्या दांड्यावर ३,७३० वॅट मिळू शकतात. मोटरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ती सुमारे ४.४ किलोवॅट वीज घेते, म्हणजे पूर्ण भाराने तासाला ४.४ युनिट. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर पाण्याला सुमारे २,२४० वॅट मिळतात. पाणी ३० मीटर वर चढवायचे असेल, तर सेकंदाला साधारण साडेसात लिटर पाणी येईल. पाणी ६० मीटर खाली गेले असेल, तर तेवढ्याच कामात निम्मेच पाणी येईल. पाटीवर मात्र दोन्ही ठिकाणी '५ एचपी'च असेल. वर्षात ३०० तास पंप चालवणारा आणि १,५०० तास चालवणारा, दोघांचे बिल सारखे येईल. अश्वशक्ती किती तास वापरली, किती वीज लागली, किती पाणी निघाले, यांपैकी काहीही ती पाटी सांगत नाही. ज्याची विहीर खोल, त्याला त्याच आकड्यात कमी पाणी, आणि भूजल किती उपसले जाते याचा हिशेब कुठेच नाही. शब्दात हरवलेला वेळ बिलातही हरवतो. बिल पाटीवर अवलंबून असले, की पाटीवरचा आकडा कमी लिहिण्याचा मोहही आलाच. ब्रिटनमधल्या अरुंद सिलिंडरचीच ही दुसरी तऱ्हा.

पण या मापाला केवळ नावे ठेवणे योग्य नाही. लांबलांब शेतांतील प्रत्येक पंपावर मीटर बसवणे, ते वाचणे आणि दुरुस्त ठेवणे हे मोठे काम आहे. पाटी वाचायला मात्र कोणीही पुरेसा असतो. वॅटलाही हेच हवे होते, दोन्ही पक्षांना समजेल आणि वाद होणार नाही असे माप. अश्वशक्ती टिकली ती या गुणामुळे. तिचा गुण आणि तिचा दोष एकाच जागी आहेत. ती सोपी आहे, कारण तिने वेळ बाजूला ठेवला आहे.

नावांचा एक योगायोगही इथे नोंदवण्यासारखा आहे. १८८२ मध्ये विल्यम सिमेन्स यांनी ब्रिटिश असोसिएशनपुढे विद्युतशक्तीच्या एककाला 'वॅट' हे नाव सुचवले, आणि ते पुढे जगभर मान्य झाले. प्रयोगशाळेत वॅटचे नाव चालते आणि बाजारात वॅटचा घोडा. तुम्हाला दोघांशी काम पडणार आहे. म्हणून यापुढे कुठेही 'इतके एचपी' असे वाचलेत, तर तीन प्रश्न विचारा. हे माप कुठे घेतले, इंजिनाच्या आत, दांड्यावर की कागदावर? किती वेळासाठी घेतले? आणि या आकड्यावर कोण कोणाला पैसे देणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे का दिलेली नाहीत, तेही बहुधा कळते.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या भाषेतील शालेय पुस्तकांत फोर्स, एनर्जी आणि पॉवर यांना कोणते शब्द आहेत? त्यांच्या आधारे 'हॉर्सपॉवर'साठी सर्वांत अचूक जोडशब्द तयार करा आणि तो प्रचलित शब्दापेक्षा बरा का, ते सांगा.

२. वॅटने अश्वशक्ती ३३,००० ऐवजी ४४,००० फूट-पौंडांची धरली असती, तर २० अश्वशक्तीच्या इंजिनावरील लंडनमधील वार्षिक शुल्क किती झाले असते?

३. घरच्या किंवा शेजारच्या शेतातील पंपाची पाटी वाचा. त्यावरून तासाला किती युनिट वीज लागेल याचा अंदाज करा आणि मीटर असल्यास प्रत्यक्ष वापराशी ताडून पाहा. फरक आढळला तर त्याची कारणे लिहा.

४. कृषिपंपाची आकारणी अश्वशक्तीवर, युनिटवर की उपसलेल्या पाण्यावर व्हावी? प्रत्येक पर्यायात कोणाला लाभ होईल आणि कोणाला तोटा, हे लिहून आपले मत मांडा.